‘हय, हय’ म्हणजे कळलं असं नव्हे

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच तक्रारीची आहेत : सांगणारा सांगतो, ऐकणारा मान हलवतो आणि औषध तसंच पडून राहतं. म्हणून हा अंक त्याच विषयाला दिला. उत्तरं देणाऱ्यांत एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक फार्मासिस्ट आहेत. कुठल्या उत्तराला कुणाचा हात लागलाय, ते वाचक ओळखतीलच.

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरकडची, गोव्यात सांगे तालुक्यात परिचारिका आहे. वेळीप, गावडा समाजाचे पेशंट जास्त. प्रेशरच्या गोळ्या समजावते, ‘कळलं का?’ विचारते, ‘हय, हय’ (हो, हो) म्हणतात. महिन्यानं प्रेशर १८०/११० आणि अर्ध्या गोळ्या पिशवीत तशाच. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : ‘कळलं का?’ हा प्रश्नच काढून टाका. त्याला ‘नाही’ म्हणायचं तर नर्सबाईंना ‘तुम्ही नीट सांगितलं नाहीत’ असं तोंडावर सांगावं लागतं, नाहीतर मागच्या रांगेदेखत आपण अडाणी म्हणून कबूल व्हावं लागतं. म्हणून मानापोटी ‘हय’ येतं. त्याऐवजी परत सांगून घ्या. गोळ्यांचं पाकीट पेशंटच्या हातात द्या आणि म्हणा, ‘मी भरभर बोलते, नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. घरी सुनेनं विचारलं, काय सांगितलं, तर काय सांगाल?’ परीक्षा तुमची, त्यांची नाही, हे वाक्यातच यायला हवं. हे शेवटी एकदाच करू नका. दोन गोष्टी सांगितल्या की थांबायचं, परत सांगून घ्यायचं, मग पुढे. एका भेटीत तीनच गोष्टी : कुठली गोळी, कधी, आणि काय झालं तर लगेच परत यायचं. मीठ, तंबाखू, वजन हे पुढच्या भेटीला ठेवा. उत्तर चुकलं तर तेच वाक्य आवाज चढवून म्हणू नका, शब्द बदला. दीड-दोन मिनिटं जास्त जातात, पण महिन्याभरानं सगळं पहिल्यापासून करण्यात जातात त्याहून कमीच.

वेळेचा घोळ वेगळा. ‘सकाळी नाश्त्यानंतर’ हे आपण शहरातल्या स्वयंपाकघरात बसून ठरवतो. तुमच्या पेशंटची सकाळ म्हणजे कोरा चहा, मग शेत किंवा काजूचं भाट (बाग), आणि पोटात खरं काही पडतं ते दहा-अकराला, पेज. तोवर गोळी घरी राहिलेली असते. आधी विचारा, ‘दिवसात पहिल्यांदा पोटभर कधी खाता, आणि कुठे?’ अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी जेवणाशी बांधायची गरजच नाही, रोज एक वेळ धरली की झालं. ती चहाला बांधून टाका. मेटफॉर्मिन मात्र खाण्याबरोबरच, म्हणजे तिचं पाकीट पेजेच्या डब्यात गेलं पाहिजे. पाकीट कापून देताना नाव आणि मुदत एकाच टोकाला राहते, दुसरा तुकडा निनावी होतो. तो वर्षभर पत्र्याच्या डब्यात पडतो आणि कुणीतरी डोकेदुखीला घेतं. निदान पुडीवर नाव लिहा.

‘गोळ्या घेता ना?’ असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. ‘गेल्या आठवड्यात किती दिवस राहून गेल्या?’ असं विचारा. राहून जाणं गृहीत धरलं की माणूस खरं बोलतो. मग कारणं निघतात : अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजले, एनालाप्रिलनं कोरडा खोकला लागला, बरं वाटलं म्हणून सोडली. लघवी वाढवणारी गोळी तर बाजाराच्या दिवशी हमखास टळते, कारण कदंब बसमध्ये दीड तास बसायचं आणि वाटेत सोय नाही. ती परत आल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून सांगून टाका, म्हणजे टाळायची वेळ येणार नाही. कुणी ‘उष्ण पडते’ म्हणालं तर हसू नका. पोटात जळजळ, लघवीला आग, की तोंडाला कोरड, ते विचारा. त्या एका शब्दात तिन्ही असतात.

आणि तुमचा कान. कोंकणीत ‘पोट दुखना’ म्हणजे पोट दुखत नाही. मराठी कानाला ते ‘दुखतंय ना’ किंवा ‘दुखणं’ वाटतं आणि कागदावर नेमकं उलटं उतरतं. याहून धोक्याचं म्हणजे ‘हड्ड्यांत दुखता’. हड्डें म्हणजे छाती. हाडं समजून तुम्ही मलम दिलंत तर तो माणूस हृदयविकाराचा झटका घेऊन घरी जाईल. ‘जोर’ म्हणजे ताप, ‘घुंवळ’ म्हणजे चक्कर, ‘तकली’ म्हणजे डोकं. शब्द तालुक्यागणिक बदलतात, तेव्हा शंका आली की ‘कुठे, बोट ठेवून दाखवा’ हे सर्वांत खात्रीचं. एक बारीक गोष्ट : बँकेतल्या साहेबाला ‘तुम्ही’ आणि डोंगरावरच्या आजीला ‘तू’ असं होत असेल तर आजीला ते पहिल्या वाक्यात कळतं. सगळ्यांना ‘तुमी’.

प्रश्न : झुआरीनगर भागात औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक बांधकामावरचे, कर्नाटक, ओडिशा, बिहारचे. कधी दहा वर्षांची पोरगी आईचं दुखणं सांगते, कधी मुकादम. मी हिंदीत सांगतो. पुरतं का?

उत्तर : नाही पुरत. हिंदीला मान डोलावणाऱ्या सगळ्यांना हिंदी येत नाही. विजापूर-गदगकडची बाई कन्नड बोलते, किंवा घरात लमाणी, आणि लमाणी म्हणजे कन्नड नव्हे. आधी ‘घरी कुठली भाषा?’ विचारा.

पोरीकडून ‘दिवसातून किती वेळा’ एवढं सांगून घेणं अडीअडचणीला चालेल. पाळी, गर्भ, मारहाण, गुप्तरोग यांतलं काहीही तिच्या तोंडून नको. आई खरं सांगणार नाही, आणि सांगितलं तर पोरीच्या डोक्यावर ते ओझं बसेल. मुकादमाचं तर उघड आहे : क्षयाची शंका त्याच्या कानावर गेली की दुसऱ्या दिवशी हजेरीतून नाव जातं. म्हणून पेशंट त्याच्यासमोर खोकला ‘दोन दिवसांचा’ सांगतो. ओळखीचा दुसरा कुणी फोनवर घ्या, स्पीकर लावा, पण गिऱ्हाइकांपासून दूर, दुकानाच्या आतल्या बाजूला. दुभाष्याला आधी सांगा, ‘मी म्हणेन तेवढंच, ती म्हणेल ते सगळं.’ एका वेळी एक-दोन वाक्यं, आणि बघायचं बाईकडे, फोनकडे नाही. बाई मिनिटभर बोलली आणि दुभाष्या म्हणाला ‘नाही म्हणते’, तर मधलं बरंच गळलंय. पुन्हा विचारा.

काउंटरवर दहा शब्दांची चिठ्ठी चिकटवा. कन्नडमध्ये ‘ऊटा आद मेले’ म्हणजे जेवल्यावर, ‘मात्रे’ म्हणजे गोळी, ‘नीरु’ पाणी, ‘ज्वरा’ ताप. उच्चार वाकडा झाला तरी चालतो, लोक हसतात आणि मोकळे होतात. चित्रं काढणार असाल तर उगवता आणि मावळता सूर्य सारखाच दिसतो, हे आधी बघून घ्या. त्यापेक्षा भाकरी आणि चंद्र काढा.

आता मोजमाप, कारण लहान मुलांचे घोटाळे इथेच होतात. पॅरासिटामॉल बाजारात तीन ताकदींत मिळतं. १० किलोच्या मुलाला किलोमागे १५ मि.ग्रॅ. म्हणजे १५० मि.ग्रॅ. द्यायचं ठरलं, तर १२५ मि.ग्रॅ. प्रति ५ मि.ली. सिरप ६ मि.ली. लागतं, २५० वालं ३ मि.ली., आणि १०० मि.ग्रॅ. प्रति मि.ली.चे थेंब फक्त दीड मि.ली. मागची बाटली संपली, नवी दुसऱ्या ताकदीची आली, आणि आईनं जुनंच माप चालू ठेवलं, की डोस दुप्पट, थेंबांच्या बाबतीत चौपट होतो. ‘एक चमचा’ म्हणूच नका, घरचा चमचा कितीचाही असतो. मापाच्या टोपणावर पेननं रेघ मारून द्या.

ओआरएसचंही तेच. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरला, छोटं (सुमारे ४ ग्रॅमचं) २०० मि.ली.ला. मोठं पाकीट एका ग्लासात ढवळलं तर मिठाचं प्रमाण इतकं वाढतं की जुलाब झालेल्या बाळाला ते बाधतं. घरात बहुधा ७५० मि.ली.ची रिकामी बाटली असते, ती इथे कामाची नाही. लिटरची पाण्याची बाटली समोर धरून, पाकीट अख्खं ओतायची खूण करून दाखवा. २४ तासांनी उरलेलं फेकायचं, हेही.

प्रश्न : एका सरकारी दवाखान्यात खिडकीवरून माझ्या भावाला मोठ्यानं विचारलं, ‘टीबी की एचआयव्ही?’ रांगेत गावातले दोघे होते. भाऊ आता जायलाच तयार नाही. काय करावं?

उत्तर : आधी भावाचं. उपचार दुसऱ्या केंद्रातून चालू ठेवता येतात. क्षयाच्या पेशंटची नोंद निक्षय प्रणालीवर असते आणि ती देशात कुठेही बदलून मिळते. १८००-११-६६६६ या क्रमांकावर फोन करून विचारा. गोळ्या मध्येच तुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, म्हणून या आठवड्यातच हे करा. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). आणि लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे. रक्त समजून अनेक जण दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद करतात, कारण हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

एचआयव्हीबद्दल कायदा स्पष्ट आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, आणि लेखी संमतीशिवाय निदान तिसऱ्याला सांगायचं नाही. उपचार करणारे डॉक्टर, न्यायालय असे मोजके अपवाद. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमलेला असला पाहिजे. तक्रार त्यांच्याकडे, लेखी. विचारपूस करायची असल्यास १०९७ वर फोन करा.

खिडकीवर बसणाऱ्यांसाठी चार ओळी. आजाराचं नाव तोंडानं विचारू नका, खोल्यांचे नंबर लिहिलेला पुठ्ठा पुढे करा, पेशंट बोट ठेवेल. फायलीला लाल पट्टी लावू नका, पट्टीचा अर्थ गावाला महिन्याभरात कळतो. फोन केला तर पहिलं वाक्य ‘आता बोलता येईल का?’, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं ते पेशंटशी आधी ठरवून ठेवा. एका खोलीत आठ जण राहतात तिथे फोनही आठांचा असतो. घरभेटीला सरकारी जीप दारात उभी करण्याऐवजी पेशंट सांगेल तिथे, बसथांब्यावर, देवळाजवळ भेटा. आणि कागदावरचे ‘संशयित’ आणि ‘डिफॉल्टर’ हे शब्द पेशंटसमोर उच्चारू नका. पहिला पोलीस ठाण्यातला, दुसरा बँकेतला. आजाऱ्यानं यांतलं काय केलंय?

प्रश्न : पेडण्याला राहतो. सासूबाई अडुसष्टच्या, डोळ्यांना कमी, अक्षरओळख नाही. दिवसा आम्ही दोघं कामावर, इन्सुलिन त्या स्वतः घेतात. कसं शिकवावं?

उत्तर : सर्वांत आधी बाटली आणि सिरिंज जुळतात का बघा. आपल्याकडे मि.ली.मागे ४० युनिटची बाटली आणि १०० युनिटची औषधं दोन्ही चालतात. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला केशरी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात १० च्या जागी २५ युनिट जातात. साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध होतो. म्हणून दुकानातून आणताना ‘इन्सुलिन द्या’ एवढंच म्हणू नका, जुनं खोकं आणि सिरिंज दोन्ही दाखवा.

वाचता येत नाही ही अडचण नाही, दिसत नाही ही आहे. सकाळच्या बाटलीला एक रबर बँड, रात्रीच्याला दोन. शक्य असेल तर डॉक्टरांना पेनबद्दल विचारा. बहुतेक पेनमध्ये एका युनिटला एक ‘टक’ वाजतो आणि त्या मोजून घेऊ शकतात. पण पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी आकडा बघायला हवं. शिकवताना तुम्ही टोचून दाखवू नका. त्यांच्या हातून करवून घ्या, तुम्ही फक्त बोला. सलग तीन दिवस न सांगता बरोबर जमलं की मग एकटं सोडा.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात मुळीच नाही. चालू बाटली साधारण चार आठवडे बाहेर राहते, उन्हाळ्यात ओल्या मडक्यात ठेवा. घाम, थरथर, सणकून भूक, बरळणं ही साखर उतरल्याची लक्षणं. तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, बरं वाटलं की पेज किंवा भाकरी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८. हे शेजारणीलाही शिकवून ठेवा, दुपारी सासूबाई घरात एकट्याच असणार.

प्रश्न : सत्तरीत पाहणीचं काम करतो. माकडतापासाठी (गोचिडीच्या चाव्यातून होणारा ताप) ‘जंगलात जाऊ नका’ सांगतो, कुणी ऐकत नाही.

उत्तर : कसं ऐकतील? काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकच. वर्षाचे पैसे त्या तीन महिन्यांत भाटात असतात. पाळी गावात २०१५ साली साथ आली तेव्हापासून तालुक्यात हे नाव ठाऊक नाही असं घर नसेल; अडतं ते करता न येण्याजोगं सांगण्यापाशी. जाणारच आहेत हे धरून बोला : पूर्ण बाह्या, विजार मोज्यांत खोचलेली, जाण्याआधी उघड्या अंगाला केंद्रातून मिळणारं तेल, पातेऱ्यावर (पडलेल्या सुक्या पानांवर) टेकायचं नाही, आल्यावर साबणानं गरम पाण्याची आंघोळ आणि कपडे लगेच पाण्यात. गोठ्यासाठी पातेरा आणणं या महिन्यांत थांबवायला सांगा, तो गोचिडी घरापर्यंत आणतो. हे सोपं नाही, गोठ्यात दुसरं काय पसरायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवा.

पोस्टरवर गोचीड तळहाताएवढी छापतात. लोक म्हणतात, ‘असली आमच्याकडे नाही.’ माणसाला चावते ती बहुधा पिल्लावस्थेतली, तिळापेक्षाही बारीक. चिमूटभर तीळ तळहातावर घेऊन दाखवा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं. एकाएकी जोराचा ताप, डोकं फुटल्यासारखं दुखणं, अंग मोडून येणं, असं झालं तर अंगावर न काढता केंद्रात यायचं आणि ‘भाटात गेलो होतो’ हे स्वतःहून सांगायचं. हे शेवटचं वाक्य प्रत्येकाकडून म्हणवून घ्या. तपासणारा नवा डॉक्टर ते विचारेलच असं नाही.

प्रश्न : आमचं मंडळ आरोग्य शिबिरासाठी पत्रक काढतंय. कोंकणीत काढावं की मराठीत?

उत्तर : १९८७ च्या कायद्यानं देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही कामकाजात जागा आहे, पण पेशंट कायदा वाचून येत नाही. सासष्टीतल्या ख्रिस्ती म्हाताऱ्यांना कोंकणी रोमी लिपीत वाचायची सवय. डिचोली-पेडण्यातल्या त्याच वयाच्या माणसांना मराठी सोपी, कारण शाळा मराठी होती. वाचणारे कोण ते आधी ठरवा. ५०० प्रती छापण्यापूर्वी त्यांतल्या पाच जणांना मोठ्यानं वाचायला लावा. जिथे अडखळतील तो शब्द बदला. आणि वाद भाषेवर घालण्यापेक्षा अक्षराच्या आकारावर घाला, १४ पॉइंटपेक्षा लहान नको.

प्रश्न : माझी मुलगी कर्णबधिर आहे, वय २२. डॉक्टर माझ्याशीच बोलतात, तिच्याशी नाही.

उत्तर : पहिल्या मिनिटात सांगा, ‘ती उत्तर देईल, तुम्ही तिच्याकडे बघून बोला.’ ओरडून उपयोग नाही, त्यानं ओठांचा आकार बिघडतो. मास्क काढून, उजेडाकडे तोंड करून, नेहमीच्या वेगानं बोलायचं. लिहून देणं प्रत्येकाला पुरत नाही. खुणांची भाषा ज्यांची पहिली भाषा आहे त्यांना मराठी वाक्यरचना परकी असते, तेव्हा छोटी वाक्यं. खुणांची भाषा जाणणारा व्हिडिओ कॉलवर घेता येतो. नंबर पुकारतात तो तिला ऐकू जाणार नाही, खिडकीवर आधीच सांगून ठेवा. २२ वर्षांच्या मुलीला काही गोष्टी तुमच्याशिवायही विचारायच्या असतील, तेव्हा थोडा वेळ बाहेर बसा.

प्रश्न : घरकाम करणाऱ्या बाई तीन वर्षांपूर्वी बिहारहून आल्या. खिडकीवर ‘तुमचं बसत नाही’ एवढंच सांगून परत पाठवलं.

उत्तर : दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) गोव्यात किमान पाच वर्षं राहिल्याची अट आहे, म्हणून ते कार्ड मिळणार नाही. पण गावी केलेलं आयुष्मान कार्ड असेल तर ते सूचीबद्ध रुग्णालयात देशभर चालतं, भरती होऊन घेतलेल्या उपचारांना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. नुसत्या बाहेरच्या तपासणीला नाही. कार्ड गावी सासऱ्यांच्या ट्रंकेत असण्याची शक्यता दाट. फोटो मागवून घ्या आणि १४५५५ वर नाव तपासा. खिडकीवरच्या माणसानं ‘बसत नाही’ म्हणताना पुढची खिडकी कुठली ते चिठ्ठीवर लिहून द्यायला हवं होतं. पुढच्या वेळी ती चिठ्ठी बाईंनी मागावी.